सोलापूरचं कोर्ट, जुनी मिल आणि घटनेतलं एक पोटकलम : पार्श्वभूमी

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं ‘कोर्ट’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. चार पुतळे, पार्क, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, सिद्धेश्वर तलाव, महापालिका एवढ्या टापूत शहराचा सरकारी कारभार दाटीवाटीने बसला आहे आणि कोर्टाचं आवारही त्यातच आहे. त्याच्या आजूबाजूला स्टॅम्प व्हेंडर, टायपिस्ट, नोटरी, झेरॉक्सवाले आणि चहाच्या टपऱ्या यांची एक स्वतंत्र वस्ती आहे. गावाकडून आलेल्या माणसाचं कोर्टातलं निम्मं काम या वस्तीतच होतं. अर्ज इथेच लिहिला जातो, वकीलपत्रावर अंगठा इथेच उठतो आणि पुढची तारीख कुठली पडली हेही त्याला बऱ्याचदा इथेच कळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर बंद होऊन पाचशेचा लागू झाला, तेव्हा पहिली वादावादी कोर्टहॉलमध्ये न होता या टेबलांवर झाली असणार.

या आवाराचं नाव अलीकडे निघतं ते कोल्हापूरमुळे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, सुरू झालं आणि सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांबरोबर सोलापूरही त्याच्या कक्षेत गेलं. त्यावरच्या चर्चेत सोलापूरच्या न्यायव्यवस्थेचा इतिहास ‘तीस साली कोर्ट जाळलं होतं’ एवढ्या वाक्यात उरकला जातो. ती घटना मोठी आहेच. पण सोलापूरच्या भांडणांवरून देशाचा कायदा घडण्याचे प्रसंग त्याआधीही आले आणि नंतरही. त्यातला जुन्या मिलचा खटला तर देशभरातले लॉचे विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. ज्या शहराचं नाव त्या खटल्याला आहे, तिथे मात्र त्याबद्दल सहसा बोललं जात नाही. या टिपणात त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे, ती याच कारणाने.

सुरुवातीचा काळ भराभर सांगून टाकतो. मे १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. मुंबई इलाख्याचे १८२७ चे रेग्युलेशन्स आले आणि पंचायतीपुढे चालणारे तंटे हळूहळू कचेरीत जाऊ लागले. सोलापूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १८३८ साली ते अहमदनगरचं सब-कलेक्टोरेट झालं, १८६४ ला ते मोडलं आणि १८७१ च्या सुमाराला आजच्या जिल्ह्याचा सांगाडा उभा राहिला. पंढरपूर आणि सांगोला साताऱ्याकडून आले, माळशिरस १८७५ ला जोडलं गेलं. दरम्यान १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याने जिल्हा न्यायाधीश, सहायक न्यायाधीश, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सबजज्ज अशी उतरंड बसवून दिली. नावं बदलली असली तरी ती उतरंड आजही ओळखू येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर-विजापूर असं जोड न्यायाधीशपद होतं. त्यामुळे कानडी दस्त आणि मराठी दस्त एकाच टेबलावर येणं ही इथली जुनी रीत. पुढे गिरण्या आणि माग आले तशी त्यात तेलुगू बोलणाऱ्यांची भर पडली. शहराच्या पूर्व भागातला, म्हणजे मागवाल्यांच्या वस्तीतला, अशील तेलुगूत सांगतो, वकील मराठीत लिहून घेतो आणि जुना दस्त निघतो कानडी किंवा उर्दूत, हे दृश्य इथल्या वकिलांना नवं नाही. खालच्या कोर्टांची भाषा मराठी करणारी अधिसूचना निघाली जुलै १९९८ मध्ये; तोवर निकालपत्र इंग्रजीत आणि पक्षकाराचं समाधान वकिलाच्या तोंडी सांगण्यावर, असंच चाललं होतं.

पहिला मोठा प्रसंग आला शेतकऱ्यांच्या कर्जावरून. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, कर्जरोखे जाळले गेले. चौकशीत एक गोष्ट वारंवार पुढे आली: सावकार फिर्याद करतो, कुळ कोर्टात येत नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने तर कुळाची उरलीसुरली ताकदही गेली. मग १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि तो फक्त चार जिल्ह्यांना लागू केला गेला: पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर.

हा कायदा त्या काळाच्या मानाने धाडसी होता. रोख्यावर काय आकडा लिहिला आहे तेवढंच न पाहता व्यवहार मुळापासून तपासायचा, पहिलं कर्ज किती, व्याज किती, फेड किती हे सगळं उकरून काढायचं, हे बंधन न्यायाधीशावर घातलं गेलं. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करता येईना. खास गहाण टाकलेली नसेल तर त्याची जमीन जप्त होईना. शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर झालेला असला तरच ग्राह्य. दहा रुपयांपर्यंतच्या येण्याचे दावे गावातल्याच मुन्सफापुढे, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशापुढे. आणि दाव्याची रक्कम शंभर रुपयांच्या आत असेल तर अशा प्रकरणात वकिलाला उभं राहायलाच बंदी. अपील बंद करून त्याऐवजी एक खास न्यायाधीश नेमला गेला. तो तालुक्यातालुक्याच्या कोर्टांत फिरून निकाल तपासायचा आणि चुकले असतील तर बदलायचा. पुढे हायकोर्टावर गेलेले पुण्याचे थोर सुधारक महादेव गोविंद रानडे हे काम करत या चारही जिल्ह्यांत हिंडले होते.

कायद्याचा फायदा फक्त ‘शेतकऱ्या’ला होता, त्यामुळे पहिलं भांडण सुरू झालं ते शेतकरी कोण यावरच. स्वतः, नोकरांमार्फत किंवा कुळांमार्फत मुख्यतः शेतीवर पोट भरणारा तो शेतकरी, अशी व्याख्या होती. शेत भाड्याने देऊन शहरात राहणारा सावकारही त्या व्याख्येत स्वतःला बसवू पाहायचा. असा मुद्दा निघाला की मूळ हिशेब बाजूला राहायचा आणि कोर्टाला आधी माणसाची जात ठरवावी तशी त्याची वर्गवारी ठरवावी लागायची. तडजोडीसाठी नेमलेल्या गावपंचांची व्यवस्था पुढे गुंडाळली गेली, १९३९ साली कर्जनिवारणाचा वेगळा कायदा आला, आणि आज या कायद्याची आठवण जुन्या निकालांच्या खंडांपुरती उरली आहे. तरीही कर्जरोख्याच्या आत डोकावून पाहण्याचा अधिकार कोर्टाला पहिल्यांदा मिळाला तो आपल्या जिल्ह्यात, हे लक्षात ठेवायला हवं. बँकेच्या वसुलीचे अर्ज घेऊन आवारात बसलेल्या माणसाला आज तेवढाही आधार नाही.

१९३० ची हकिगत सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. ८ मेचा गोळीबार, पेटलेली मंगळवार पेठ चौकी, जाळलेलं कोर्ट, सरकारविना गेलेले दिवस आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात झालेल्या चार फाशा, हे सगळं इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. कायद्याच्या बाजूने मात्र एक गोष्ट नीट सांगितली जात नाही. लष्करी कायदा जाहीर झाला १२ मे रोजी. त्यासाठी व्हॉइसरॉयचा वटहुकूम निघाला १५ मे रोजी. म्हणजे शहर आधी लष्कराच्या ताब्यात गेलं आणि कायद्याचा कागद तीन दिवसांनी आला. त्या कागदाने मागच्या कृतींनाही संरक्षण दिलं. गांधी टोपी घालणं, झेंडा घेऊन चालणं यासाठी शिक्षा झाल्या. ३० जूनला लष्करी कायदा उठला. शिक्षा भोगणारे तुरुंगातच होते. मग प्रश्न मुंबई हायकोर्टात गेला: लष्करी कायद्याची गरज होती की नव्हती, हे ठरवायचं कुणी? सोलापूरच्या त्या खटल्याचा दाखला घटनेच्या अनुच्छेद ३४ वर लिहिणारे, म्हणजे लष्करी कायद्याच्या काळातल्या कृत्यांना माफी देण्याच्या अधिकारावर लिहिणारे, अजूनही देतात.

जमावाने कोर्ट का जाळलं, यावर ‘दारूची दुकानं जाळली, त्या ओघात कोर्टही गेलं’ असं सांगायची पद्धत आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. रागावलेली माणसं गिरणी कामगार होती, मागावरची होती. त्यांच्या लेखी कोर्ट म्हणजे दंड, जप्ती आणि बेलिफ. चौकी आणि कोर्ट त्यांना एकाच घराच्या दोन खोल्या वाटल्या असतील तर त्यात नवल नाही.

याच शहरात आणखी एक कायदा तारेच्या कुंपणाआड नांदत होता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे सेटलमेंट होती. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या कुटुंबांना तिथे ठेवलं जाई, हजेरी घेतली जाई आणि त्यांतले पुष्कळजण गिरण्यांत कामाला जात. १८७१ चा कायदा, १९११ आणि १९२४ साली आणखी कडक केलेला. तो देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. घटना लागू होऊन अडीच वर्षं उलटून गेली होती. समानतेचा हक्क सांगणारं अनुच्छेद १४ छापलेलं होतं, दिल्लीत त्यावर युक्तिवाद चालू होते, आणि त्यातल्या पहिल्या काही युक्तिवादांपैकी एक सोलापूरच्याच नावाने चालला होता. पण तो सेटलमेंटमधल्या माणसांसाठी नव्हता. तो गिरणीच्या भागधारकासाठी होता.

आता त्या खटल्याकडे.

जुनी मिल ही सोलापूरची पहिली कापड गिरणी. कंपनी नोंदली गेली १८७४ साली आणि गिरणी सुरू झाली १८७७ ला. आगगाडी येऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. पुढची सत्तर वर्षं शहराचा दिवस तिच्या भोंग्यावर उगवायचा. १९४९ च्या जुलैत संचालकांनी गिरणी बंद करण्याची नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला ती बंद झाली. कारभारातला घोळ, मालाची आणि पैशाची अडचण अशी कारणं पुढे आली. कामगारांचं आणि त्यांच्यावर चालणाऱ्या बाजाराचं काय झालं असेल ते सोलापूरकराला समजावून सांगायला नको. असे बंदचे फलक आपण पुढेही पाहिले.

९ जानेवारी १९५० ला, म्हणजे घटना अमलात यायच्या सतरा दिवस आधी, दिल्लीहून एक वटहुकूम निघाला. तो फक्त या एका कंपनीसाठी होता. गैरव्यवस्थेमुळे जीवनावश्यक मालाच्या उत्पादनावर परिणाम झाला आहे आणि लोकांच्या एका वर्गात मोठी बेकारी आली आहे, असं त्याच्या प्रस्तावनेत म्हटलं होतं. संचालक मंडळ बरखास्त झालं, मॅनेजिंग एजंटांचा, म्हणजे कराराने कंपनीचा कारभार पाहणाऱ्या पेढीचा, करार संपला, सरकारने आपले संचालक नेमले आणि गिरणीचा ताबा त्यांच्याकडे गेला. भागधारकांना संचालक निवडण्याचा अधिकार राहिला नाही, ठराव करायचा तर सरकारची मान्यता हवी, कंपनी गुंडाळायचा अर्जही सरकारच्या संमतीवाचून करता येईना. काही महिन्यांत या वटहुकुमाची जागा १९५० च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने घेतली.

एका भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याचं म्हणणं दुहेरी होतं. एक, माझी मालमत्ता काढून घेतली आणि मोबदला दिला नाही. दोन, देशात गैरव्यवस्था असलेल्या गिरण्या पुष्कळ आहेत. त्यातली एकच निवडून तिच्यासाठी कायदा करणं म्हणजे समानतेचा भंग. ४ डिसेंबर १९५० ला निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. बहुमताने याचिका फेटाळली. भागधारकाचा शेअर त्याच्याच हातात आहे, तो विकू शकतो, नफा झाला तर लाभांश मिळेल; मतदानाचा हक्क गेला म्हणजे मालमत्ता गेली असं होत नाही. आणि समानतेबद्दल बहुमताने जे म्हटलं ते आजही प्रत्येक सरकारी वकिलाच्या तोंडी असतं: परिस्थिती खास असेल तर एकट्या व्यक्तीचा किंवा एकट्या कंपनीचाही एक वर्ग मानता येतो, कायदा वैध आहे असंच गृहीत धरून चालायचं, आणि तो भेदभाव करतो हे दाखवायची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर.

दोन न्यायमूर्तींना हे पटलं नाही. गैरव्यवस्था हीच कसोटी असेल तर ती इतरत्रही आहे. ना चौकशी, ना तुलना, आणि एकाच कंपनीचे भागधारक वेगळे काढायचे, याला समान संरक्षण म्हणत नाहीत, असा त्यांचा रोख होता.

कायद्याच्या पुस्तकांत या निकालाची जी मांडणी असते ती इथे थांबते. सोलापुरातून पाहिलं तर एक गोष्ट टोचते. या खटल्यात कंपनी आहे, भागधारक आहे, केंद्र सरकार आहे, मुंबई सरकार आहे. कामगार कुठेही पक्षकार नाहीत. त्यांच्या नावाने कायदा झाला, ‘बेकारी’ हा एक शब्द प्रस्तावनेत आला आणि त्या शब्दाच्या आधारावर सरकारची बाजू उभी राहिली. पण गिरणीच्या चाळीतला, अशोक चौकातला, सेटलमेंटमधला कुणी न्यायालयासमोर आला नाही, त्याचं प्रतिज्ञापत्र झालं नाही. मालमत्ता कुणाची यावर शेकडो परिच्छेद लिहिले गेले. काम कुणाचं गेलं यावर एक ओळ. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचा तर्क काटेकोर आहे हे मान्य करूनही मला बहुमताचा निकाल जवळचा वाटतो. ज्या शहरात एक गिरणी बंद पडली की अर्ध्या पेठेची चूल मंदावते, तिथे ‘ही परिस्थिती खास आहे’ हे पटवायला फार पुरावा लागू नये.

त्या निकालाने वाचलेला कायदा टिकला फक्त तीन वर्षं. सरकारने नेमलेल्या संचालकांना गिरणी चालवायला पैसा हवा होता. त्यांनी पूर्ण रक्कम न भरलेल्या प्रेफरन्स शेअर्सवर (लाभांशात आधी हक्क असलेल्या शेअर्सवर) ‘कॉल’ काढला, म्हणजे उरलेले पैसे भरा असं भागधारकांना कळवलं. हा कॉलच बेकायदा आहे म्हणत एका प्रेफरन्स भागधारकाने मुंबई हायकोर्टात दावा लावला. तिथे तो हरला. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८ डिसेंबर १९५३ ला पाच न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने कौल दिला. या वेळी प्रश्न भागधारकाच्या मालमत्तेचा नव्हता, कंपनीच्या मालमत्तेचा होता. ताबा, कारभार, पैसा, सगळं सरकारच्या हाती गेलं असेल तर नाव कंपनीचं राहिलं म्हणून मालकी राहिली असं म्हणता येत नाही. हे मालमत्तेपासून वंचित करणंच झालं, आणि मोबदल्याची तरतूद नाही म्हणून मालमत्तेच्या हक्काच्या अनुच्छेद ३१ चा भंग झाला. कायदा गेला, कॉल गेला.

बऱ्याच जणांची इथे गल्लत होते. पहिला निकाल आणि दुसरा निकाल परस्परविरोधी आहेत असं सरसकट म्हटलं जातं. तसं पूर्णपणे नाही. पहिल्यात तक्रार एका भागधारकाची होती आणि त्याच्या हातातला शेअर शाबूत होता. दुसऱ्यात न्यायालयाने कंपनीकडे पाहिलं आणि तिच्या हातात काहीच उरलेलं नाही असं त्याला दिसलं. समानतेवरचा पहिला निकाल आजही उभा आहे. मालमत्तेच्या बाजूने मात्र वारा उलटा फिरला, हे खरं. गिरणी तीच, भोंगा तोच, चाळीतले भाडेकरू तेच. फक्त न्यायालयासमोर उभा राहणारा माणूस बदलला आणि प्रश्नाचा चेहरा बदलला. वकिली शिकणाऱ्या पोरांना दावा कुणाच्या नावाने लावायचा हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही, आणि ते त्यांच्याच गावातलं आहे.

दिल्लीत या निकालाने अस्वस्थता पसरली. जमीनदारीच्या आणि बंगालमधल्या जमीन संपादनाच्या खटल्यांतही सरकार अडलं होतं. त्या सगळ्यांचं उत्तर म्हणून चौथी घटनादुरुस्ती आली आणि २७ एप्रिल १९५५ पासून लागू झाली. तिने अनुच्छेद ३१ मध्ये एक नवं पोटकलम घातलं: मालकी किंवा ताब्याचा हक्क सरकारकडे हस्तांतरित होत नसेल तर त्याला सक्तीचं संपादन समजायचं नाही. आणि अनुच्छेद ३१अ मध्ये आणखी एक तरतूद आली: लोकहितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित मुदतीपुरता मालमत्तेचा कारभार सरकारने हाती घेतला, तर तो कायदा समानतेच्या किंवा मालमत्तेच्या हक्काचा भंग करतो म्हणून रद्द होणार नाही. ही दुसरी तरतूद वाचताना जुन्या मिलचं फाटक डोळ्यांसमोर येतं. ती जणू सोलापूरचा कागद समोर ठेवूनच लिहिली आहे. १९७४ साली देशभरातल्या १०३ आजारी कापड गिरण्या राष्ट्रीयीकृत झाल्या. आधी कारभार घ्यायचा, मग मालकी, हा रस्ता या दुरुस्तीने मोकळा झाला होता. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ जून १९७९ पासून घटनेतून काढून टाकलं. अनुच्छेद ३१अ आणि त्यातलं ते पोटकलम मात्र अजून जागेवर आहे.

गिरणी वाचली का? नाही. जुनी मिल पुढे कायमची बंद पडली. नंतर शहरातल्या इतर मोठ्या गिरण्याही गेल्या आणि त्यांच्या थकबाकीचे, जागेचे, घरांचे दावे याच आवारात आणि मुंबईत वर्षानुवर्षं चालत राहिले. निवृत्त कामगाराची विधवा हातात प्लास्टिकच्या पिशवीत पगारपत्रकं घेऊन वकिलाच्या टेबलाशी उभी असते, हे चित्र सोलापूरच्या वकिलांनी एका पिढीहून जास्त काळ पाहिलं आहे. तिच्या पिशवीतल्या कागदांना कुठल्याही घटनादुरुस्तीत जागा मिळाली नाही.

पुढचा काळ ओझरता सांगून पुरेल. पंढरपूरच्या मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ साली झाला आणि त्यावरचा शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयातून यायला जानेवारी २०१४ उजाडलं. जिल्ह्यातला इतका लांबलेला आणि इतका भावनेचा दुसरा वाद नसेल. या कोर्टात पट्टेवाला म्हणून पुकारा करणारा एक तरुण पुढे राज्याचा मुख्यमंत्री आणि देशाचा गृहमंत्री झाला, हेही सोलापूर अभिमानाने सांगतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेच बदलले. ‘तीनशे दोन’ आता एकशे तीन झालं आहे, पण आवारातल्या बोलण्यात जुनाच आकडा चालतो आणि टायपिस्ट दोन्ही आकडे लिहून विचारतो, कुठलं ठेवू.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. हायकोर्टाची बसण्याची नवी जागा दोन वाटांनी ठरू शकते आणि दोन्ही वाटा १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्येच आहेत. पोटकलम २ खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने कायमचं खंडपीठ होतं. पोटकलम ३ खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने न्यायाधीशांना अन्य ठिकाणी बसवू शकतात. औरंगाबादचं काम २७ ऑगस्ट १९८१ ला पोटकलम ३ खालीच सुरू झालं. त्याला आव्हान दिलं गेलं, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ते योग्य ठरवलं आणि १९८४ साली खंडपीठ कायम झालं. कोल्हापूरचा २०२५ चा आदेशही पोटकलम ३ खालचा आहे.

सोलापूरच्या पक्षकाराचा हिशेब मात्र सांगली-कोल्हापूरच्या पक्षकारापेक्षा वेगळा आहे. मुंबई साडेचारशे किलोमीटर दूर असली तरी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथून हायकोर्ट चालत. काम झालं की त्याच रात्री परत. लॉजचं भाडं वाचतं, फाइल उशाशी घेऊन झोपायची सवय वकिलांनाही झाली होती. कोल्हापूर अंतराने जवळ आहे आणि रत्नागिरी-नागपूर महामार्गाने सांगोला-मिरजमार्गे चार-पाच तासांत गाठता येतं. पण सकाळच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, पहिलं प्रकरण असेल तर पहाटेच निघावं लागतं, नाहीतर आदल्या रात्री मुक्काम. करमाळा आणि माढ्याच्या माणसाला आधी पंढरपूर किंवा सोलापूर गाठावं लागतं, मग पुढे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला तर आणखी एक तिढा आहे. तुळजापूर सोलापूरहून तासाभराच्या अंतरावर, सोयरीक रोजची, जमिनी दोन्हीकडे. पण तुळजापूरचं अपील छत्रपती संभाजीनगरला जातं आणि सोलापूरचं आता कोल्हापूरला. एकाच भावकीतले वाटणीचे दोन दावे दोन वेगळ्या दिशांना गेले तर खर्च दुप्पट आणि वकीलही दोन.

कोल्हापूरला विरोध करावा असं यातून निघत नाही. सहा जिल्ह्यांचा ताण मुंबईवरून उतरायलाच हवा होता आणि चाळीसेक वर्षं मागणी लावून धरणाऱ्या वकिलांचं श्रेय मोठं आहे. मात्र पोटकलम ३ वरून पोटकलम २ कडे जाण्याची वेळ येईल तेव्हा सोलापूरच्या बार रूममधून दोन मागण्या आत्तापासून लेखी जायला हव्यात: लांबच्या जिल्ह्यांची प्रकरणं बोर्डावर दुपारच्या सत्रात लावणं, आणि सोलापुरातून दृकश्राव्य माध्यमाने युक्तिवाद करण्याची नियमित, ठरलेली सोय.